मागच्या खोलीपर्यंत नेट

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा गेलं!

बाजारात लिलाव पुकारणाऱ्या काकांच्या तोंडून ‘पा’ निघाला, ओठ पुढच्या अक्षरासाठी तयार झाले — आणि पडद्यावर चेहरा तिथेच गोठला. मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं. चित्र परत आलं तेव्हा शेजारी बसलेल्या काकू टाळ्या वाजवत होत्या. “ताई, बोलले हो हे! पाणी म्हणाले! ऐकलंत ना?”

मी म्हटलं, “ऐकलं. छान!”

काय ऐकलं? काही नाही. पाणी म्हणाले की पापा म्हणाले की नुसतीच हवा गेली, देव जाणे. आणि माझं कामच ते ऐकण्याचं! पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाची वाचा परत आणायची, तर तो कुठल्या अक्षरावर अडतो हे कळायला नको?

दवाखान्यात होते तेव्हा बरं होतं. समोरासमोर खुर्च्या, मधे टेबल. दवाखान्याने आमचा विभाग गुंडाळला आणि आता ही कंपनी. रुग्ण त्यांच्या घरी, मी माझ्या घरी, मधे लॅपटॉप. जायची-यायची दगदग वाचेल म्हणून खूश झाले होते. आता त्या एका पट्टीकडे डोळे लावून डोकं उठतं. चारपैकी एक पट्टी. तीही कधी असते, कधी नसते.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून लॅपटॉप घेऊन घरभर फिरले. मांजर पिल्लं घेऊन फिरतं तशी.

नेटचं डबडं अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या खोलीत, पुढे. माझी खोली मागे. मधे अप्पांच्या खोलीची जाड भिंत, मग न्हाणीघर — त्याच्या फरशा, आरसा, पाण्याचा पिंप — मग स्वयंपाकघर आणि फ्रिज. एवढं सगळं ओलांडून माझ्यापर्यंत काय पोचणार? आणि डबडं ठेवलंय कुठे, तर लोखंडी कपाटावर, भिंतीला चिकटून, टीव्हीच्या मागे. चार वर्षांपूर्वी ह्यांनीच लावलं होतं तिथे. तेव्हा घरात नेट लागायचं कुणाला? ह्यांना, आणि तेही पुढच्याच खोलीत बसून. हे गेले. डबडं तिथेच राहिलं.

माझ्या खोलीत एक पट्टी. दाराशी सरकले की दोन. स्वयंपाकघरात तीन! म्हणून दुपारचं सेशन ओट्यापाशी घेतलं. मधेच माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि तिकडे काकू “अग बाई!” म्हणून गॅस बंद करायला पळाल्या. त्यांच्या घरी कुकर लावलेलाच नव्हता. काका हसले. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण फ्रिज घुरघुरतो. नळ, भांडी, खालच्यांचा मिक्सर. ओट्यापाशी बसून वाचा शिकवता येत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अप्पांशी वाजलं.

म्हटलं, “अप्पा, डबडं बाहेर बोळात ठेवू या का? मधोमध येईल. तुम्हालाही मिळेल, मलाही.”

“नको.”

“अहो, तुमचं काही कमी होणार नाही.”

“नको म्हटलं ना! त्याला हात लावायचा नाही.”

आणि टीव्हीचा आवाज वाढवला. संपलं बोलणं. सासऱ्यांना उलटून बोलायची सवय मला कधी नव्हती, आता या वयात कुठून लावून घेऊ? मागे येऊन बसले. तीन सेशनं झाली. दोन मधेच तुटली.

कंपनीतून फोन. कोण ती समन्वयक, गोड बोलते. “मॅडम, तुमच्याकडे खंड फार पडतोय. असंच चाललं तर रुग्ण दुसऱ्या कुणाकडे द्यावे लागतील.” काकांचंही नाव घेतलं. कुठे गाडी जरा हलायला लागली होती त्यांची!

काकूंना अजून काही सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हणजे ननंदेचा फोन. ती तिकडे परदेशात, दुपारी अप्पांच्या टॅबवर येते. आधी तासभर चालायचं. आता पाच-दहा मिनिटांत आटोपतं. आज मला टॅबवर बोलावून घेतलं.

“वहिनी, अप्पांचा आवाज फार तुटतो हो. अर्धं कळतच नाही. नेट जरा नीट करून घ्या ना.”

मी म्हटलं, “डबडं तर त्यांच्याच उशाशी आहे!”

“मग खराब असेल. बघा ना कुणाला तरी बोलावून.”

बघा ना! तिथून सांगायला काय जातं? मी इथे पट्ट्या मोजतेय. बरं, अप्पा लगेच माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्यांच्या नेटमधलं ओढून घेते. म्हणून तर हात लावू देत नाहीत. मुलगी दुरावेल ही भीती. समजतं मला. पण माझं काय?

९ फेब्रुवारी, सोमवार

अबोला. चहा हवा तर कप वर करून दाखवतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉपलाच दोष असेल असंही वाटून पाहिलं. धाकट्या भावाला फोन केला. त्याने फोनवरून एकेक करायला लावलं — इथे दाब, तिथे टिचकी मार. लॅपटॉपने बॅटरी वाचवायला म्हणून नेटचा जोर आपणहून कमी करून ठेवला होता म्हणे! कुणी सांगितलं होतं शहाणपण? ते बंद केलं. एक का दोन अपडेट घेतले. मग म्हणाला, तुझ्या डबड्याची दोन नेटं दिसतायत, एक जवळ जोरात धावणारं, एक लांब पोचणारं. तू कुठल्यावर आहेस? मी त्या जोरात धावणाऱ्यावर. दोन भिंतींपलीकडे ते धापा टाकतच येत होतं. दुसरं लावलं.

दीड पट्टी! असं म्हणते, कारण दुसरी दिसते आणि जाते.

भाऊ म्हणाला, “ताई, खरं औषध एकच. डबडं हलव.”

तो येऊन अप्पांना सांगणार असेल तर हलवते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

केबलवाला आला. आला तो सरळ अप्पांच्या खोलीत गेला, कपाटाखाली उभा राहिला, मोबाइल वर धरला. “मॅडम, इथं तर फुल्ल दाखवतंय!”

म्हटलं, “दादा, मी कपाटावर बसून काम करत नाही. मागे या.”

मागे आला. “हां. इथं नाहीये.”

सांगितलंस, उपकार झाले!

मग कामाचं बोलला. डबडं भिंतीपासून थोडं पुढे ओढलं, टीव्हीमागून बाहेर काढलं, त्याच्या दोन शेंड्या उभ्या केल्या. अप्पा पलंगावरून टक लावून बघत होते, पण परक्या माणसासमोर गप्प बसले. बोळातल्या प्लगमध्ये रिपीटर लावून दिला — पांढरी डबी, हिरवा दिवा. मी तो माझ्या खोलीत लावायला निघाले होते तर म्हणाला, “तिथं त्यालाच काही मिळत नाही, तो तुम्हाला काय देणार? त्याला मधे ठेवायचा.” खरंय. ज्याला स्वतःलाच पुरत नाही तो दुसऱ्याला कुठून देणार? मी आजकाल तशीच झालेय.

तीन पट्ट्या! संध्याकाळी काकांचं सेशन सलग झालं. ‘पाणी’ म्हणाले. या वेळी खरंच ऐकलं. ‘णी’ जरा ‘नी’कडे झुकतो. हरकत नाही. ‘काय हवं?’ विचारल्यावर ‘पाणी’. आपणहून!

१५ फेब्रुवारी, रविवार

ननंद: “वहिनी, आता तर जास्तच तुटतंय!”

अप्पांनी बोळातल्या डबीकडे बोट दाखवलं. टॅबवर लेकीलाही दाखवलं. तिनेही मान डोलावली, की तरीच! बापलेकींनी मिळून मला गुन्हेगार ठरवलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. पुसलेलाच होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीनही सेशनं तुटली. काका ‘फो’वर होते. त्यांना फोन उचलून ‘हॅलो, कोण?’ म्हणायचंय. एवढंच मागणं आहे त्यांचं, काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “घरात फोन वाजला की हे दुसऱ्या खोलीत निघून जातात हो ताई. त्या फोनवर आख्खा बाजार हलवणारा माणूस!”

‘फो’ झाला, मी थांबा असा हात केला, ताल धरायला टेबलावर थाप दिली — दोघांनी एकदम थाप द्यायची असते, त्या थापेवर शब्द बाहेर येतो — आणि माझी थाप त्यांच्यापर्यंत पोचली बऱ्याच वेळाने. तोवर त्यांनी हात खाली घेतला होता. त्यांना वाटलं, आपलंच चुकलं. मान खाली. मग बोललेच नाहीत. काकू म्हणाल्या, “आज राहू दे ताई. दमलेत.”

बोळात जाऊन पाहिलं. डबीचा दिवा बंद. प्लगचं बटण बंद!

मोलकरणीने झाडताना केलं असेल. चालू केलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

परत बंद. मोलकरीण आज आलीच नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सेशनला सुरुवात करून पाचच मिनिटं झाली होती. पट्ट्या गेल्या. मी तशीच उठून बाहेर आले, तर अप्पा बोळात! हात बटणावर.

इतकी वर्षं या घरात आहे, आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

“अप्पा, हे माझं काम आहे! तिकडे एक माणूस तोंड उघडून बसलाय माझ्यासाठी! त्याला वाटतं त्याचंच चुकतंय. लहान मुलासारखं बटण काय बंद करता तुम्ही?”

अप्पा भिंतीला टेकले. चेहरा पडला. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तिला... माझं... कळत नाही,” म्हणाले. “ती ठेवून देते.”

एवढंच. डोळ्यांत पाणी. मी अप्पांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते फक्त ह्यांच्या वेळी.

राग निथळून गेला आणि मागे नुसता थकवा उरला. त्यांना धरून पलंगावर बसवलं. म्हटलं, “तुमचंही तुटणार नाही, माझंही तुटणार नाही, असं काहीतरी करते. मला दोन दिवस द्या.”

त्यांनी माझा हात थोपटला. दहा-बारा दिवसांचा अबोला सुटला म्हणायचा. बोलले मात्र काही नाहीत.

काकूंना फोन करून माफी मागितली. म्हणाल्या, “अहो ताई, होतं. आमच्याकडेही म्हातारं माणूस आहेच की. मीच!”

२१ फेब्रुवारी, शनिवार

केबलवाल्याला परत बोलावलं. म्हटलं, आता डबी नको, पट्ट्या नकोत, मला वायर हवी. अप्पांच्या डबड्यातून निघून भिंतीच्या कडेकडेने थेट माझ्या टेबलापर्यंत. म्हणाला, “आजकाल कोण वायर ओढतं मॅडम?” म्हटलं, मी ओढते.

दुपार गेली. न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीवरून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून, माझ्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून. भोक तिरकं पडलं. गिलाव्याचा पोपडा निघाला. केबलवाला म्हणे, “कॅलेंडर लावा वर.” त्याच्याकडे सगळ्याला तोडगा असतो!

माझ्या टेबलावर त्याने आणखी एक छोटं डबडं जोडून दिलं, म्हणजे लॅपटॉप वायरशिवायही चालेल, आणि घराच्या मागच्या अंगाला मोबाइलही. अप्पांचं डबडं त्यांच्याच खोलीत राहिलं, फक्त कपाटावरून खाली लाकडी टेबलावर आलं, त्यांना दिसेल असं. ते स्वतः बाजूला बसून होते. मी टॅब त्यांच्या हातात दिला. सगळ्या पट्ट्या भरलेल्या. बोटाने एकेक पट्टी दाखवली त्यांना, “बघा, सगळं तुमचं.” मान हलवली. हसले.

माझ्याकडेही भरलेल्या. घरभर भरलेल्या! न्हाणीघरातसुद्धा. तिथे कुणाला हवंय?

कंबर मोडली आहे धूळ पुसून पुसून.

२२ फेब्रुवारी, रविवार

ननंदेचा निरोप आला, आज बाहेर आहोत, पुढच्या रविवारी बोलू. अप्पा तरी टॅब मांडीवर घेऊन बसले होते. मी जेवायला हाक मारली तेव्हा उठले.

संध्याकाळी खालचे अण्णा त्यांना फिरायला न्यायला आले. हाताने ‘नको’ केलं. अण्णा मला म्हणाले, “महिना झाला, येतच नाही. गुडघा दुखतो का त्याचा?” असेल. मला कुठे काय सांगतात?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं लिहायलाच हवं. हात दुखतोय तरी.

काकांचं चित्र असं स्वच्छ की त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं. थाप मारली की थाप पोचते. पण काका मागच्या वेळचं मनात धरून बसलेले. तोंडच उघडेनात. चित्रं दाखवली, मान फिरवली. पहिलं अक्षर दिलं, नाही. काकूंनी लाडीगोडी लावली, त्यांच्यावरच हात उगारला. मीही थकलेली. म्हटलं, जाऊ दे, आज गप्पा मारू.

काकूंना विचारलं, “बाजारात हे कसे पुकारायचे हो?”

काकू काही बोलणार तेवढ्यात काकांचा हात वर गेला. चांगला हात. पाठ ताठ झाली. आणि आवाज आला — तो आवाज! मी लॅपटॉपपासून मागे सरकले.

“एक वार!”

काकूंनी तोंडावर पदर घेतला.

“दोन वार! ... तीन वार!”

आणि थाप! टेबलावरचा पाण्याचा पेला उडाला.

काकू रडत रडत म्हणाल्या, “अहो, बटाटे कुणाला दिलेत?”

काका हसायला लागले. मी पण. तिघं हसतोय आणि तिघांचेही डोळे वाहतायत. पाठ असलेलं कधीकधी शाबूत राहतं, हे मला माहीत होतं. आकडे, वार, गाणी — ती मेंदूत वेगळीच कुठेतरी जपलेली असतात. पुस्तकात वाचलंय, रुग्णांत पाहिलंय. पण असं दणदणीत कधी नाही!

लगेच धरलं मी ते. “एक वार, दोन वार, हॅलो!” थापेवर. पाचव्या-सहाव्या खेपेला ‘तीन’ गळून ‘हॅलो’ आला. मोडका, पण आला.

मागे वळले तर अप्पा माझ्या दारात. कधी आले कळलं नाही. म्हटलं, “आवाज मोठा झाला का हो?” मान हलवली. लॅपटॉपकडे बघत उभे राहिले थोडा वेळ, मग गेले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

समन्वयक बाईंचा फोन: “मॅडम, आता अगदी छान चाललंय तुमचं.” काका माझ्याकडेच राहणार.

झोपले दुपारी. कित्येक दिवसांनी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोबाइल वाजला. काकूंचा नंबर. उचलला तर पलीकडे शांत. मग श्वास. मग टेबलावर थाप. मग —

“हॅलो. कोण?”

त्यांनीच मला फोन केलेला, आणि विचारतायत कोण! पाठीमागे काकूंचं हसू. मी नाव सांगितलं. “ताई,” म्हणाले. हा शब्द आम्ही कधी घेतलाच नव्हता सरावाला.

न राहवून अप्पांच्या खोलीत जाऊन सांगितलं सगळं, शाळेतून आलेल्या पोरीसारखं. त्यांनी ऐकलं. डोक्यावर हात ठेवला माझ्या. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच घर घरासारखं वाटलं. एका वायरीने एवढं होतं?

१ मार्च, रविवार

दुपारी ननंदेचा फोन. मी कपडे घड्या करत होते. तिचा आवाज मागच्या खोलीपर्यंत खणखणीत. “अप्पा, परत तुटतोय तुमचा आवाज! वहिनी म्हणाली होती ना, नीट केलंय म्हणून?”

गेले. म्हटलं, बघू तरी. टॅबवर सगळ्या पट्ट्या भरलेल्या. तिच्या मागचा पडदा वाऱ्याने हलताना दिसत होता. आणि अप्पा तिला सांगत होते —

“मी... काल... त्या... त्या ह्याला... गे... गे...”

मी दारातच थांबले. हातात घडी तशीच.

मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा. माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. “अप्पा, घाई नाही. हे काय आहे?”

जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं या माणसाने. ओठ उघडले. मिटले. माझ्याकडे बघितलं — चोरी पकडल्यासारखं. मग चष्मा माझ्या हातातून घेतला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या, आणि हलकेच माझ्या कानांवर बसवला.

शब्द आला नाही.

टॅबमधून ननंद विचारत होती, “हॅलो? वहिनी? गेलं का परत?”

म्हटलं, “नाही गं. नेट चांगलं आहे.”